दोन पायांचे बंधन



ज्या वैद्य गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा असा आग्रह असे की, शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड जे घडते त्याची सामान्य नागरिकाला निदान इतकी समज असावी की, आपल्या घरातील माणूस तेथे नेला जाताना त्याने घाबरून नव्हे, तर समजून संमती द्यावी. त्या आग्रहाला स्मरून मी आज एक जुनी आणि दिसावयास काहीशी ओबडधोबड वाटणारी शस्त्रक्रिया आपणांपुढे मांडणार आहे. एका पायाच्या पोटरीवरील त्वचा दुसऱ्या पायाच्या उघड्या पडलेल्या हाडावर आणून शिवावयाची आणि ती तेथे रुजेपर्यंत दोन्ही पाय एकमेकांशी जखडून ठेवावयाचे, अशी ही शस्त्रक्रिया असून रुग्णालयात तिला क्रॉस लेग फ्लॅप असे म्हणतात. शिवण्याविषयी मी थोडेच बोलेन. माझा खरा विषय त्या जखडण्याचा आहे, कारण इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर माझे असे निश्चित मत झाले आहे की, या शस्त्रक्रियेचे यश सुरीच्या त्या दोन-तीन तासांत फारसे ठरत नाही. ते पुढच्या तीन आठवड्यांच्या बंदोबस्तात ठरते.

आपल्यापैकी प्रत्येकाने या क्षणी आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहावे. त्वचा, तिच्याखाली नाममात्र चरबी, आणि लगेच हाड. मधे मांसाचा थर नाही. शरीराचा सगळा भार वाहणारे हे हाड पुढच्या व आतल्या बाजूने घोट्यापर्यंत असे उघड्यावरच टाकल्यासारखे आहे, आणि म्हणून मोटारीच्या धक्क्याने, चाकाखाली सापडून किंवा यंत्रात पाय ओढला जाऊन नडगी मोडते तेव्हा पुष्कळदा तिच्यावरची त्वचाही फाटून, भरडून नष्ट होते. उघडे पडलेले हाड वाळते, त्याच्यावरील आवरण मरते, पू होतो, आणि मग मोडलेले हाड सांधण्याचा प्रश्न मागे राहून पाय वाचतो की नाही हा प्रश्न पुढे येतो. अशा जागी मांडीवरील पातळ त्वचेचा पापुद्रा काढून का लावीत नाहीत, असे कोणी विचारील. पॅरिसमध्ये रेव्हर्दँ यांनी १८६९ साली त्वचेच्या बारीक चकत्या व्रणावर रुजवून दाखविल्या, १८७४ साली थियर्श यांनी मोठे पातळ पापुद्रे लावण्याची रीत सांगितली, आणि आजही भाजलेल्या रोग्यांचे प्राण त्याच रीतीने वाचतात. परंतु असा पापुद्रा स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर आणीत नाही. तो ज्या जमिनीवर टाकावा तिच्यातील ओलाव्यावर पहिले दोन दिवस काढतो आणि मग तिच्यातून वर येणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांवर जगतो; जेथे हाडावरील आवरण गेले आहे किंवा स्नायुबंध कोरडा उघडा पडला आहे, तेथे या केशवाहिन्या यावयाच्या कोठून? तेथे त्वचा आणि चरबी मिळून जाड पदर असा आणावा लागतो की, जो एका बाजूने आपल्या मूळ जागेशी देठाने जोडलेला राहील आणि नव्या घरी नाती जुळेपर्यंत जुन्या घरचे रक्त पीत राहील. गुडघ्याखालच्या वरच्या आणि मधल्या भागात पोटरीचे स्नायूच फिरवून हाडावर आणता येतात. पण खालच्या तिसऱ्या भागात ते स्नायू निमुळते होऊन दोरीसारखे होतात, आणि त्या पायाजवळ देण्यासारखे काही उरत नाही. देणारा उरतो तो दुसरा पाय.

कोकणातल्या ज्या श्रोत्यांनी आंब्याचे भेटकलम बांधताना पाहिले असेल, त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. कुंडीतले रोप उचलून झाडाच्या फांदीपाशी न्यावयाचे, दोघांची साल सोलून जखमेला जखम भिडवावयाची, घट्ट बांधावयाचे आणि जीव एक झाला अशी खात्री पटल्यावरच फांदी मूळ झाडापासून कापावयाची. मधल्या मुदतीत वाऱ्याने कुंडी हलली तर कलम फुकट जाते, हे तेथला माळी जाणतो आणि म्हणून तो कुंडी नुसती टांगत नाही, फांदीशी पक्की जखडतो. फरक इतकाच की आमची कुंडी श्वास घेते, तिला तहान लागते, रात्री दचकून जाग येते, आणि तिला घरी म्हातारी आई व कापणीला आलेले शेत असते.

या कल्पनेचा इतिहास आपल्या प्रदेशाला परका नाही. सुश्रुतसंहितेत गालावरील त्वचा देठासह वळवून नाक घडविण्याची रीत सांगितली आहे, आणि ही विद्या ग्रंथांतून लोपली तरी हातांतून लोपली नव्हती याचा पुरावा पुण्याजवळ घडलेला आहे. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. विटा घडविणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेचे नवे नाक त्याला दिले. ही क्रिया प्रत्यक्ष पाहिलेल्या इंग्रज वैद्यांच्या साक्षीने तिचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला, आणि तो वाचूनच पुढे कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तसा प्रयोग केला. त्या वृत्तांतात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट कात्रीसुरीची नाही. पाण्यात भिजविलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या जखमेवर ठेवून रोग्याला पाच-सहा दिवस उताणा पडून राहावयास लावीत, आणि भुवयांमधला देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापीत, असे त्यात नमूद आहे. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या त्या कारागिराने पिढीजात अनुभवाने ठरविलेली मुदत आमच्या आजच्या मुदतीशी जवळजवळ जुळते, हे पाहून माझे मस्तक आदराने लवते.

कपाळ आणि नाक शेजारी आहेत, म्हणून पुण्याच्या त्या कारागिराला काही बांधावे लागले नाही. दूरचा अवयव आणावयाचा झाला की बंधनाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा पहिला सविस्तर विचार बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी यांनी केला. व्हेनिस येथे १५९७ साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथात दंडावरील त्वचा नाकाला जोडून हात डोक्याशी बांधलेला रोगी चित्रांत दाखविला आहे. त्याच्या अंगात पट्ट्यांचे आणि बंदांचे एक खास कुडते आहे, टोपी आहे, आणि हे कुडते कसे बेतावे, कोठे शिवावे, कोणता बंद कोठे ओढावा याचे वर्णन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वर्णनाइतक्याच आस्थेने केले आहे. त्या काळी भूल नव्हती, तरी रोगी दोन-तीन आठवडे तसा राहत असे. पायाच्या बाबतीत हे धाडस प्रथम अमेरिकेतील फ्रँक हेस्टिंग्ज हॅमिल्टन यांनी केले. जुनाट व्रणावर दुसऱ्या पायाची त्वचा देठासह आणून बसविल्याची हकीकत त्यांनी १८५४ साली प्रसिद्ध केली. योगायोग असा की, त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५२ मध्ये, डच लष्करातील शल्यवैद्य मातायसेन यांनी कापडी पट्ट्यांत कोरडे प्लास्टर चोळून ठेवण्याची आणि आयत्या वेळी ती भिजवून गुंडाळण्याची युक्ती जाहीर केली होती. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ या शस्त्रक्रियेचा सगळा भार त्या पांढऱ्या पट्टीनेच वाहिला.

आता निश्चलता कशासाठी, ते पाहू. नव्या जागी त्वचा शिवल्यानंतर पहिल्या काही तासांत दोन पृष्ठभागांमध्ये रक्तातल्या तंतूंचा एक नाजूक चिकट थर बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या थरातून केशवाहिन्यांचे कोंब एकमेकांकडे वाढू लागतात, पहिला आठवडा संपताना रक्त पलीकडून अलीकडे थोडे थोडे येऊ लागते, आणि साधारणपणे तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नवी वस्ती स्वतःच्या पायावर उभी राहते. या सर्व काळात पाय अर्धा अंगुळही सरकला, तर तो थर फाटतो, कोंब तुटतात, मधे रक्त साचते आणि साचलेल्या रक्तावर जंतू पोसतात. शिवाय देठ पिरगळला किंवा ताणला गेला, तर आधी नीला दबतात. रक्त आत येते पण बाहेर जात नाही, पदर निळसर, टणक आणि गरम होतो, आणि काही तासांत बंदोबस्त केला नाही तर टोकाकडून काळा पडू लागतो. पांढरा पडला तर रोहिणी अडली आहे असे समजावे. बोटाने दाबून सोडावे आणि रंग किती लवकर परततो ते पाहावे, ही परीक्षा पहिले दोन दिवस तासातासाला करावी लागते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या डोळ्यांवर मी माझ्या स्वतःच्या हातापेक्षा अधिक विसंबत आलो आहे. याच काळात विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांवर कडक बंदी असते, कारण निकोटीन सूक्ष्म रोहिण्यांना आखडते. भेटीला येणाऱ्या मित्रांच्या खिशांची झडती घ्यावी लागते, आणि ती घेताना भीड बाळगू नये.

बांधण्याची कला वरून दिसते तितकी साधी नाही. शस्त्रक्रियेच्या आधी कापडाचा नमुना कापून तो पोटरीवरून नडगीवर उलटा-सुलटा नेऊन पाहतात, आणि दोन्ही पाय कोणत्या कोनात आले असता देठावर ताण येत नाही ते निश्चित करतात. गुडघा किती वाकवावा, वरचा पाय कोणता, टाच कोठे टेकेल, संडासाचे भांडे कसे सरकेल, हे सगळे तेव्हाच ठरले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही पायांची प्लास्टरे आदल्या दिवशीच स्वतंत्र घालून सुकू देतात आणि शस्त्रक्रियेच्या जागी खिडक्या कापून ठेवतात. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते खरे, परंतु त्यातले पाणी उडून ते पुरते मजबूत व्हावयास दिवस-दोन दिवस लागतात आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक. ओल्या प्लास्टरवर भरवसा ठेवणे म्हणजे कच्च्या भिंतीवर आढे चढविणे होय. त्वचा शिवून झाली की दोन प्लास्टरांच्या मधे लाकडी दांडके आडवेतिडवे ठेवून नव्या पट्ट्यांनी त्यांची सांगड घालतात. मी शिकत होतो त्या काळी झाडूच्या दांड्यांहून उत्तम साहित्य कोणी मागत नसे, आणि प्लास्टर खोलीतील जो जुना कारागीर ते करी त्याला कोणत्या दांडीला कोठे त्रिकोण दिला असता सांगाडा डुलणार नाही याचे जे ज्ञान होते, ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. सर्वांत धोक्याचा क्षण भूल उतरतानाचा असतो. अर्धवट शुद्धीतला मनुष्य पाय झाडतो. त्या वेळी बंधन पक्के नसेल तर तीन तासांचे काम एका झटक्यात उखडते. म्हणून शेवटचा टाका पडण्यापूर्वीच बांधणीची तजवीज तयार ठेवतात, आणि भूल देणारे डॉक्टर शक्य तेथे पाठीतून भूल देऊन पायांना काही तास स्वस्थ ठेवतात.

परंतु ज्या निश्चलतेने त्वचा जगते तीच निश्चलता बाकीच्या पायाला मारू पाहते, आणि या विषयाचा सगळा पेच येथे आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या गुणांवर लंडनच्या शल्यवैद्यांपुढे व्याख्याने दिली, लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी अखंड आणि सक्तीच्या विश्रांतीला धर्माचे स्थान दिले, आणि त्यांच्या पुण्याईने असंख्य सांधे बचावले हे खरे; तरी न हलणारा सांधा आखडतो, न चालणारा स्नायू झिजतो, भार न पडणारे हाड चुना गमावते, आणि पोटरीतले रक्त संथ होऊन गोठले व ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर मनुष्य क्षणात दगावतो. टाच, घोट्याची हाडे आणि माकडहाड येथे दाबाने व्रण होतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस बारक्या हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी त्वचेखालून जातो. तेथे प्लास्टरची कड रुतली तर पाऊल लुळे पडते, आणि रोगी ‘येथे टोचते’ म्हणत असता त्याची तक्रार हळवेपणाची समजून दुर्लक्षिणे हा गुन्हा आहे. प्लास्टरखाली रोगी जेथे दुखते म्हणतो तेथे कापून पाहावे. एक खिडक्या पडलेले प्लास्टर एका लुळ्या पावलापेक्षा बरे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे या बैठकीतून पूर्ववत् होतीलच असे नसल्याने त्यांच्या बाबतीत आम्ही हात आखडता घेतो. मुले मात्र हे सारे विलक्षण सहज सोसतात. तेव्हा बांधणाऱ्याने जेवढे बांधले त्याहून अधिक लक्ष मोकळे काय राहिले याकडे द्यावे. बोटे मोकळी असावीत आणि ती दर तासाला हलवून घ्यावीत. मांडीचा स्नायू जागच्या जागी आवळावा-सोडावा. पलंगावर डोक्याशी टांगलेल्या कडीला धरून रोग्याने कंबर उचलावी. दीर्घ श्वास घ्यावेत. आजकाल रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनेही देतात.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे तिच्याकडे वळतो. या शस्त्रक्रियेत एका जखमी पायासाठी एक धडधाकट पाय ओलीस ठेवला जातो. त्याच्या पोटरीवर कायमचा खड्डा आणि डाग राहतो, तो भरण्यासाठी मांडीवरचा पापुद्रा काढतात म्हणून तिसरी जखम होते, आणि ज्या पायाने काहीही सोसलेले नाही तो तीन आठवडे शिक्षा भोगतो. ‘डॉक्टरसाहेब, मोडला तो पाय हा, मग त्याला कशाला कापता?’ हा प्रश्न वॉर्डात नेहमी ऐकू येतो, आणि तो अडाणीपणाचा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे. घाईत बोट उठवून घेतलेल्या सहीने त्याचे उत्तर होत नाही. माझा असा दंडक राहिला आहे की, रोग्याला आधी त्या स्थितीत एक अख्खी रात्र बांधून ठेवावे, मऊ पट्ट्यांनी, केव्हाही सोडता येईल असे. त्या रात्री त्याला झोप येते का, कूस न बदलता राहवते का, दुसऱ्याच्या हातून स्वच्छता करवून घेण्याची लाज तो गिळू शकतो का, हे त्याचे त्याला कळते. सकाळी जो ‘चालेल’ म्हणतो त्याच्या संमतीला अर्थ असतो. जो ‘नको’ म्हणतो त्याला दुसरा मार्ग दाखवावा, आणि त्यात पाय गुडघ्याखाली कापून उत्तम कृत्रिम पाय बसविण्याचा मार्गही प्रामाणिकपणे समाविष्ट असावा. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक जपणूक हवी. पडदा, मासिक पाळीची व्यवस्था, शुश्रूषेला स्त्रीच असणे, या गोष्टी शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिल्या जात नाहीत. माझ्या मते त्या पहिल्या ओळीत लिहिल्या जाव्यात. आणि हातावर पोट असलेल्या मजुराचे तीन आठवडे म्हणजे नुसते एकवीस दिवस नव्हेत. त्याच्या घरी चूल कशी पेटेल याची चौकशी समाजसेवा विभागाने आधीच केली नाही, तर पंधराव्या दिवशी तो स्वतःच प्लास्टर तोडतो, आणि मग दोष त्याचा म्हणून नोंदला जातो.

नव्या युगाने हे बंधन पुष्कळ सैल केले. जिनिव्हाच्या राऊल हॉफमन यांनी १९३८ च्या सुमारास हाडात सळया घालून त्या बाहेरून दांड्यांनी जोडण्याची पद्धत सुधारली, आणि पुढे दोन्ही नडग्यांमधील सळया एका चौकटीने जोडून पाय निश्चल करणे शक्य झाले. त्वचेवर दाब नाही, जखम चारही बाजूंनी दिसते, हवा लागते, ड्रेसिंग सोपे होते, आणि मोडलेल्या हाडाला आधीच अशी चौकट असली तर निम्मे काम झालेलेच असते. सळईच्या भोकातून पू होऊ नये एवढी रोजची खबरदारी तेवढी वाढते. स्वीडनच्या पाँटेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, त्वचेबरोबर खालचे स्नायुवेष्टनही उचलले, तर पदराची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक ठेवता येते. लांब देठामुळे पाय पूर्वीइतके अवघड स्थितीत पिळून धरावे लागत नाहीत. १९७० नंतरच्या दशकात तर सूक्ष्मदर्शकाखाली दीड-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या केसाहून बारीक धाग्याने जोडून पाठीवरचे किंवा मांडीवरचे मांस एकाच बैठकीत नडगीवर आणण्याची विद्या प्रस्थापित झाली, आणि पुष्कळांना वाटले की पाय बांधण्याचे दिवस संपले. ते संपले नाहीत. ज्या पायात एकच रोहिणी उरली आहे, ज्यात जोडावयास धड वाहिनी सापडत नाही, ज्यात एकदा जोडलेले मांस मेले आहे, किंवा जेथे सूक्ष्मदर्शक आणि त्यामागे रात्रभर बसणारी माणसे नाहीत, तेथे ही जुनी रीत आजही पाय वाचविते. इतकेच नव्हे, तर कधी कधी दूरचे मांस आणून त्याची वाहिनी धडधाकट पायाच्या रोहिणीला जोडतात आणि दोन्ही पाय पुन्हा बांधतात. सूक्ष्मदर्शक आला तरी तेथे त्या जुन्या निश्चलतेचीच मदत घ्यावी लागते. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बालकृष्णन यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी सुघटनशल्याचा पाया घातला. अंटिया इंग्लंडात शिकून आले होते, आणि कुष्ठरोग्यांच्या विद्रूप हातापायांसाठी त्यांनी आपली विद्या वेचली. महागडी साधने नसलेल्या ठिकाणी काय करता येते हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

देठ कापण्याचा दिवस येतो तेव्हा आधी परीक्षा घेतात. मऊ चिमटा किंवा रबरी नळी देठाभोवती आवळून नव्या जागची त्वचा गुलाबी राहते का ते पाहतात. काही ठिकाणी दोन-चार दिवस आधीपासून रोज थोडा थोडा वेळ असे आवळून त्वचेला सवय लावतात. रंग टिकला तर देठ कापून पाय मोकळे करतात, न टिकला तर मुदत आणखी आठवडाभर वाढते, आणि ही बातमी रोग्याला सांगणे हे मला शस्त्रक्रियेहून कठीण वाटत आले आहे. पाय सुटले म्हणजे लगेच चालणे नव्हे. प्रथम गुडघे दिवसागणिक थोडे अधिक वाकवून घ्यावे लागतात, पाय पलंगाखाली सोडला की नवी त्वचा जांभळी होते म्हणून आधी पाच मिनिटे, मग दहा, असे घट्ट पट्टी बांधून लोंबकळत ठेवण्याची सवय करावी लागते, आणि मोडलेले हाड सांधेपर्यंत त्या पायावर भार देता येत नाही. आणलेल्या त्वचेला बराच काळ, पुष्कळदा कायमची, संवेदना नसते. चुलीचा निखारा, शेतातला काटा, चपलेचा पट्टा लागला तरी कळत नाही. म्हणून घरी जाताना रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना दोघांनाही सांगून ठेवतात की, रोज संध्याकाळी पाय धुऊन उजेडात ती जागा हाताने चाचपून पाहावी, आणि लालसर ठिपका दिसला तर दुखत नाही म्हणून न थांबता रुग्णालयात यावे.